मंजुरीसाठी सादर

अण्णा फेसबुकवर का आले, हे विचारणारा कोण आहे त्यावर ठरतं. सुनेला सांगतात, नातवाचे फोटो बघायला. नातू न्यू जर्सीत, वय वर्षं सहा. तेराच्या आतल्यांना फेसबुक दारात उभं करत नाही आणि सून पोराचे फोटो चारचौघांत टाकायच्या सक्त विरोधात. ते येतात घरच्या व्हॉट्सॲपवर. वहिनींना सांगतात, जग कुठे चाललंय ते कळायला नको? कट्ट्यावर मात्र कपाळाला आठ्या घालून, ‘पोरानं खातं उघडून दिलं, आता काय करता!’

अण्णा जिल्हा परिषदेत होते. २००४ साली ऑर्कुट आलं, २०१४ साली गेलं. अण्णांना फायलींतून मान वर करायला सवड नव्हती. मग ५८ पूर्ण झाली आणि ते शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. (ज्या दिवशी वेळ बघायचं कारण संपतं, नेमकं त्याच दिवशी घड्याळ का देतात, देव जाणे.) दुसऱ्या दिवसापासून टेबलावर एक अर्ज येईना.

फेसबुकवर लोक आपण होऊन अर्ज करतात! आल्या आल्या मंजूर केला तर किंमत राहत नाही, म्हणून अण्णा तीन दिवस त्याला हात लावत नाहीत. मग छाननी. गाव कोणतं, शाळा कोणती, फोटोच्या जागी गुलाब तर नाही ना? गुलाब असला की त्रुटी. ओळखीचे मित्र निघाले तर ती शिफारस. कुणी ‘पोक’ केलं तर ते स्मरणपत्र, त्याला उत्तर द्यायची पद्धत नाही. मित्रांची मर्यादा ५,००० आहे हे कळल्यावर तर ते गंभीरच झाले. ‘म्हणजे पदं मंजूर आहेत, पण जपून भरायला हवीत.’ वहिनींचा अर्ज अजून प्रलंबित आहे. फोटो लग्नातला लावलाय, ओळख पटत नाही.

भाचीच्या लग्नाच्या फोटोंखाली त्यांनी लिहिलं, ‘अवलोकन केले. पुढील कार्यवाहीस शुभेच्छा.’ कुणी गेल्याची बातमी आली की पूर्वी पंचाईत व्हायची, हाताशी नुसता अंगठा. २०१६ साली रडका चेहरा आला, तेव्हा अण्णा समाधानानं म्हणाले, ‘उशिरा का होईना, जीआर निघाला.’

परवा त्यांच्या जुन्या साहेबांची रिक्वेस्ट आली. ज्यांच्या केबिनबाहेर अण्णांनी काखेत फायली धरून अर्धी नोकरी काढली, तेच साहेब. सकाळपासून अण्णा ती उघडून बघत होते, मिटत होते. फोटोत साहेबांचं टक्कल स्पष्ट दिसत होतं.

‘करा की मंजूर,’ मी म्हटलं.

अण्णांनी चष्मा काढला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चहाला उठता उठता त्या फोनलाच म्हणाले, ‘बसा जरा. साहेब मीटिंगमध्ये आहेत.’