ड्यूकांचा सुकाळ

रीजन्सी कादंबरीतला नायक सकाळी उठून करतो काय, तर गळ्याला कापड बांधतो. हे काम चांगलं तासभर चालतं. खळ घातलेली, कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र पट्टी गळ्याभोवती घ्यायची, गाठ मारायची आणि मग हनुवटी हळूहळू खाली आणत तिला हव्या तशा चुण्या पाडायच्या. एक चुणी चुकली की ती पट्टी बाद, दुसरी घ्या. बो ब्रमेल हा त्या काळातला छानछोकीचा शिरोमणी. त्याचा खासनोकर म्हणे अशा फसलेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन रोज जिना उतरायचा. एवढा वेळ कथानक आपलं दाराशी ताटकळत उभं असतं. मला विचाराल तर कादंबरी खरी रंगते ती इथेच.

प्रेमकथा म्हणून पुस्तक हातात घ्यायचं आणि प्रेम सोडून बाकी सगळं चवीनं वाचायचं, अशी माझी या बाबतीतली रीत आहे. पहिल्या भेटीत दोघांचं भांडण होतं, म्हणजे शेवटच्या पानावर लग्न ठरणार हे नक्की झालं. ती चिंता मिटली की माणूस निवांतपणे गाड्याघोडे बघायला मोकळा. दोन चाकांची कुठली, चार चाकांची कुठली, तरण्या पोरानं कुठली हाकावी आणि विधवा आत्याबाईंना कुठली शोभते, हे सगळं मला आता तोंडपाठ आहे. व्यवहारात त्याचा उपयोग शून्य.

राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि १८११ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८२० पर्यंत, युवराजानं त्याच्या नावानं कारभार पाहिला. रीजन्सी ती हीच. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या याच वर्षांत छापून आल्या. पण तिच्या पुस्तकात गळपट्ट्यांची नि गाड्यांची वर्णनं शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. तिच्या वाचकांच्या दारात त्याच गाड्या उभ्या होत्या, वर्णन कुणासाठी करायचं? आज आपल्या डोळ्यांपुढे जी रीजन्सी उभी राहते ती बरीचशी जॉर्जेट हेयर या बाईंनी उभी केलेली. जन्म १९०२ चा, म्हणजे तो काळ सरून ऐंशी वर्षं उलटल्यावरचा. ‘रीजन्सी बक’ ही त्यांची या काळावरची पहिली कादंबरी १९३५ ची. त्यानंतर १९७४ मध्ये वारल्या तोवर त्या हाच संसार मांडत राहिल्या. कपडे, भाडी, किमती, बोलीतले शिव्याशाप यांची टिपणं काढून वह्या भरल्या. त्या काळातला सेनापती वेलिंग्टन, त्याची लिहिण्याची ढब नेमकी पकडता यावी म्हणून त्याचं एक अस्सल पत्र विकत घेतलं. आणि इतकं करून मुलाखती मात्र द्यायच्या नाहीत! खासगी आयुष्य वाचकाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. मला तो फार आवडतो.

आपल्याकडच्या वधूवर मेळाव्याला एकदा जाऊन आलेल्या माणसाला ऑल्मॅक्स समजावून सांगावं लागत नाही. लंडनच्या किंग स्ट्रीटवरचं हे सभागृह. हंगामात दर बुधवारी तिथे नाच. आत कुणाला सोडायचं ते चारसहा उमराव बायका ठरवणार. त्यांतल्या लेडी जर्सींचं टोपणनाव ‘सायलेन्स’, कारण त्यांच्या तोंडाला खीळ म्हणून नसे. कोपऱ्याकोपऱ्यात आया बसलेल्या. मुलगा दिसायला कसा यापेक्षा वर्षाला किती हजार पौंड, आणि थोरला की धाकटा, याची चौकशी आधी. थोरल्याला सगळी जहागीर, धाकट्याला सैन्य नाहीतर चर्च. खायला पातळ कापलेला लोणीपाव आणि कोरडा केक, प्यायला लिंबाचं सरबत नि चहा. आपल्या मेळाव्यात निदान जेवण तरी पोटभर असतं. एकदा खुद्द वेलिंग्टनला इथे दारातून परत पाठवलं म्हणतात. गुडघ्यापर्यंतची विजार घालायचा नियम, आणि स्वारी आली होती पायघोळ विजारीत. १८०३ मध्ये आसईला शिंदे-भोसल्यांच्या तोफखान्यापुढे जो हटला नाही, तो विजारीपायी हटला.

आता प्रेमाचं. हेयरबाईंचे नायक-नायिका तीनशे पानं उत्तम बोलतात. टोमणे, चेष्टा, एकमेकांचे शब्द वरचेवर झेलणं, सगळं फर्मास. शेवटच्या दोन पानांत मात्र काय होतं कोण जाणे. नायक एकदम तिला मिठीत घेतो, तिच्या बरगड्यांची काळजी वाटावी इतकी घट्ट, आणि पुस्तक संपतं. एवढ्या हुशार बाईला हे एवढंच लिहायचा कंटाळा यायचा असं मला कायम वाटत आलंय.

म्हणून ‘कॉटिलियन’ माझी लाडकी. १९५३ ची. किटी ही अनाथ मुलगी एका चिक्कू म्हाताऱ्याच्या घरी वाढलेली. म्हातारा जाहीर करतो की माझ्या नातवंडांपैकी कुणाशीही किटीनं लग्न केलं तर इस्टेट तिची. (नातवंडं भावंडांची, त्याला स्वतःला कुणी नाही.) किटीचा जीव जॅकवर. जॅक म्हणजे देखणा, उमदा, जुगारी, असा पठडीतला पुरता नायक. तो येतच नाही. चिडलेली किटी त्या नातवंडांपैकीच फ्रेडी नावाच्या एका भोळ्या तरुणाला गळ घालते: खोटाखोटा साखरपुडा कर आणि मला महिनाभर लंडन दाखव. फ्रेडीला अक्कल बेताची, पण कोटाची शिवण नेमकी कुठे बसली पाहिजे हे त्याला बरोबर समजतं. ग्रीसहून आणलेल्या त्या जगप्रसिद्ध भग्न मूर्ती बघून हा वैतागतो. ज्याला डोकंच नाही ते बघायचं काय, असा त्याचा रोखठोक सवाल. पुढे लोकांच्या भानगडी निस्तरायची वेळ येते तेव्हा कोण उपयोगी पडतं? पळून जाणाऱ्या मुलीजवळ दात घासायचा ब्रश हवा, हे फक्त फ्रेडीला सुचतं. जॅकला कसलं सुचतंय! हळूहळू किटीच्या लक्षात येतं, वाचकाच्या तर आधीच आलेलं असतं. या प्रेमात बरगड्यांना धोका नाही, तरी माझा त्याच्यावर पुरता विश्वास बसतो.

बाकी दोष म्हणाल तर पुष्कळ आहेत, आणि सगळेच काही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ‘द ग्रँड सोफी’ ही १९५० ची कादंबरी. तिच्यातली सोफी म्हणजे वादळ आहे. तिच्या मागे फिरता फिरता दमछाक होते. पण मध्येच ती पिस्तूल घेऊन एका ज्यू सावकाराच्या घरी जाते. तो कळकट, लोभी, अंगावर शहारा यावा असा रंगवलाय. महायुद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर, छळछावण्यांत काय घडलं ते जगजाहीर असताना, एका जाणत्या बाईनं हे लिहावं! ती पानं मी उलटतो. पण उलटताना ती आहेत हे विसरता येत नाही.

कादंबरीत जे येतच नाही, तोही दोषच. पाऊसच घ्या. तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच झाला नाही, पिकं बुडाली. कादंबरीत पाऊस पडतो तो नायकाच्या गाडीत नायिकेला आडोसा मिळण्यापुरता. नायिका मलमलीत वावरते, पण सूत कातणारे नि माग चालवणारे कुठे दिसत नाहीत. १८१९ मध्ये मँचेस्टरला मताचा हक्क मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं. त्या जमावात विणकर पुष्कळ होते. आणि ‘ब्लॅक शीप’मधला माइल्स घरच्यांनी हिंदुस्थानात पिटाळलेला, मध्यमवयात गडगंज होऊन परततो. बाथ गावातल्या मावशा-आत्या त्याच्या शिष्टाचारावर तोंडसुख घेतात. एवढा पैसा आणला कुणाच्या घरातून, हे एकीलाही विचारावंसं वाटत नाही. पुण्यात बसून वाचणाऱ्याला विचारावंसं वाटतं.

ड्यूकांचं तर काय सांगावं! हेयरबाईंचा हात त्यातल्या त्यात आखडता, पण त्यांच्या मागून आलेल्या लेखिकांनी इतके तरुण, देखणे, अविवाहित ड्यूक जन्माला घातले की इंग्लंडात पाय ठेवायला जागा उरली नसती. अस्सल ड्यूक बघायचे तर १८१७ चा नोव्हेंबर बघावा. ५ तारखेला इकडे खडकीची लढाई झाली. ६ तारखेला तिकडे युवराजाची एकुलती एक मुलगी शार्लट बाळंतपणात गेली. पुढच्या पिढीत गादीला वारसच नाही म्हटल्यावर तिच्या काकांची लग्नासाठी पळापळ सुरू झाली. हे खरे रीजन्सी ड्यूक: पन्नाशीच्या आसपासचे, पोट सुटलेले, कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले. क्लॅरन्सचा ड्यूक ५२ वर्षांचा, एका नटीपासून दहा मुलं, काही श्रीमंत मुलींकडून नकार घेऊन बसलेला. त्याच्यासाठी जर्मनीतून अ‍ॅडलेड नावाची पंचविशीची राजकन्या आली आणि जुलै १८१८ मध्ये, आठवडाभराच्या तोंडओळखीवर, बोहल्यावर उभी राहिली. त्याच मांडवात धाकट्या केंटच्या ड्यूकचंही लग्न लागलं. पुढची व्हिक्टोरिया राणी ही त्याची मुलगी.

अ‍ॅडलेडचा संसार चांगला झाला. नवऱ्याच्या आधीच्या मुलांना तिनं आपलं मानलं, त्याची उधळपट्टी आवरली, स्वतःच्या दोन मुली तान्ह्या असतानाच गेल्या ते दुःख सोसलं, आणि तो राजा झाल्यावर त्याच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून राहिली. ही कादंबरी कुणी नीट लिहिली असेल तर मला हवी आहे. नायकाला टक्कल असलं तरी चालेल.