छापून आलं का?

लेखक व्हायला काय काय लागतं, याची यादी हल्ली मोबाइलवर फुकट मिळते. पहाटे पाचला उठावं. घरातला एक कोपरा फक्त लेखनासाठी राखावा. टेबल खिडकीशी असावं आणि खिडकीतून झाड दिसावं. आजूबाजूला शांतता असावी. आणि मुख्य म्हणजे, आतून प्रेरणा यावी. ही यादी सांगणारा तरुण इतका टवटवीत असतो, की त्याने आयुष्यात एक तरी पान लिहिलं असेल असं वाटत नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. यादीतली पहिली अट आमची अख्खी चाळ पाळायची, कारण पाचला पाणी यायचं. त्या वेळी नळावर जे चालायचं त्याला शांतता म्हणणं धाडसाचं होतं. कोपऱ्यांचं म्हणाल, तर दहा बाय बाराच्या खोलीत कोपरे चारच. एकात मोरी, एकात देव, एकात आजी, आणि चौथ्यात ट्रंकांची उतरंड. त्यातला कुठलाही कोपरा साहित्यासाठी रिकामा करा म्हणायची सोय नव्हती. खिडकीतून झाडाऐवजी समोरच्या चाळीतले एक काका दात घासताना दिसायचे. ते इतकं मन लावून घासायचे, की बघणाऱ्याच्या डोक्यातलं वाक्य तिथंच थांबायचं.

तेव्हा मी रात्री गॅलरीत, जिन्याजवळच्या सार्वजनिक दिव्याखाली लिहायचो. एका बाजूला झोपलेल्यांची रांग, दुसऱ्या बाजूला कठडा, मध्ये मी आणि माझी दोनशे पानी वही. मध्यरात्र उलटली की दुसरी पाळी सुटलेली माणसं जिना चढून यायची. त्यातले एक काका रोज माझ्या खांद्यावरून वहीत डोकवायचे. वाचता येईल तेवढं वाचायचे आणि जायचे. एका रात्री मी माझ्या नायिकेला दादरच्या प्लाझाजवळ टॅक्सीत बसवलं आणि तिथेच अडलो. घर सोडून निघालेली बाई. ती जाणार कुठे, हेच सुचेना. दुसऱ्या रात्री काका आले, वाकून वही बघितली आणि अस्वस्थ झाले.

"अजून टॅक्सीतच बसलीय?"

"हो, म्हणजे विचार चाललाय."

"तुझा विचार चाललाय, पण तिचं मीटर पडतंय ना!"

आठ तास यंत्रावर उभं राहून आलेल्या माणसाला मी 'प्रेरणा येत नाही' हे कसं सांगणार? त्याच रात्री मी बाईला परळला, तिच्या मावशीकडे उतरवलं. मावशी कथेत आधी कुठेच नव्हती. पण पुढे तिनेच कथा सांभाळली.

मी लिहितो ही बातमी अर्थातच फुटली. चाळीत फोडणी कसली पडलीय हे तिसऱ्या खोलीत कळायचं, तिथे कथा किती दिवस लपणार? नळावर, दुधाच्या रांगेत, भजनाच्या मध्यंतरात एकच प्रश्न सुरू झाला, "काय, छापून आलं का?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना 'कुठे' याच्याशी कर्तव्य नव्हतं. नोकरी लागली का, लग्न जमलं का, तसंच छापून आलं का.

छापून येत नव्हतं. हेही गुपित नव्हतं, त्याला कारण मासिकांचा नियम. साहित्य परत हवं असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं. म्हणजे आपल्या पराभवाचा खर्च आपणच आगाऊ भरायचा. स्वीकारलं तर पोस्टकार्ड येणार, नाकारलं तर 'साभार परत'ची छापील चिठ्ठी टाचलेलं आपलंच बाड, आपल्याच हस्ताक्षरातल्या पत्त्यावर. आमच्या पोस्टमनला हे गणित तोंडपाठ होतं. तो वर यायचे कष्ट घ्यायचा नाही. खालच्या चौकातून ओरडायचा, "दुसरा माळा, जाडं आलंय होऽऽ!" तिन्ही मजल्यांवर क्षणभर हळहळ पसरायची. मग कुणीतरी सांत्वन करायचं, "या वेळी जरा पातळ दिसतंय." आईचा हिशोब वेगळा होता. ती म्हणायची, "तिकिटांक पैसे आसत, रॉकेलाक नाय."

वडील मात्र काही बोलायचे नाहीत. ते गिरणीत साचेखात्यात होते आणि कायम होण्याआधी कित्येक वर्षं बदली कामगार होते. लिहू पाहणाऱ्या माणसाची अवस्था नेमकी बदली कामगारासारखी असते, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. बदलीवाल्याने रोज भोंग्याच्या आधी डबा घेऊन गिरणीच्या गेटवर उभं राहायचं. कायमवाल्यांपैकी कुणी खाडा केला, तर त्याच्या जागी आत जायचं. सगळे हजर असले तर डबा उचलून परत, त्या दिवसाचा पगार नाही. मात्र जो गेटवर यायचंच सोडतो, त्याचा उद्याचा हक्कही जातो. एकदा संध्याकाळी जाडं पाकीट मांडीवर घेऊन मी तोंड पाडून बसलो होतो. वडील जेवत होते. बांगड्याचा काटा बाजूला काढून ठेवत ते म्हणाले, "आज कोणाचो खाडो नसात. फाल्या परत उभो रव."

साहित्यावरचं याहून मोलाचं मार्गदर्शन मला पुढे कुठल्याही कार्यशाळेत मिळालं नाही, आणि कार्यशाळेत जेवण असूनही बांगडा नसतो. तेव्हापासून मी मासिकांची अनुक्रमणिका वेगळ्या नजरेने वाचू लागलो. यातले कायम कोण, आणि त्यातला कोण कधी खाडा करील? पण मराठीतले कायम लेखक प्रकृतीने ठणठणीत असतात.

कथाकारांचं सगळ्यात मोठं गेट तेव्हा गिरगावात होतं. खटाववाडी, मुंबई ४. तिथे मौज प्रकाशनाच्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथा' मासिक काढायचे. पटवर्धनांची ख्याती अशी, की कथा आवडली तरी ते लगेच छापत नसत, पत्र लिहीत. इथे सैल झालंय, तिथे पात्राचं वागणं पटत नाही, पुन्हा लिहून बघा. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पत्र यायचं. भल्याभल्यांची यातून सुटका नव्हती. या सोवळ्याचा उबग आलेल्या तरुण लेखकांनी १९६९ साली 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळीही केली. ज्या अंकात आपली कथा नाही तो जाळावासा वाटणं मी समजू शकतो. माझी अडचण एवढीच, की मी वाचायचो तो अंक वाचनालयाचा असायचा आणि अनामत आईने भरलेली होती.

मी आपला पटवर्धनांचं पत्र येईल अशा तोलाची कथा तयार करत होतो. आठवडाभर घासायची, रविवारी गिरगावात जायचं, खटाववाडीच्या तोंडाशी उभं राहून वाडीत जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी लेखक कोण असेल याचा अंदाज घ्यायचा, तिथल्या 'प्रकाश' उपाहारगृहात पीयूष प्यायचं आणि परत यायचं. अशात १९८२ साल उजाडलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी 'सत्यकथा'ही बंद झालं. बाप आणि मुलगा, दोघांचीही गेटं एकाच वर्षी बंद झाली. वडिलांचं गेट पुन्हा उघडलंच नाही. त्यांच्या वयाची माणसं लालबागच्या नाक्यावर भाजी, नाहीतर उदबत्त्या विकायला बसली. त्या दिवसांत 'मला लिहायला शांतता हवी' हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं असतं, तर आजीनेसुद्धा कोपऱ्यातून उठून एक ठेवून दिली असती.

आणि खरं सांगायचं, तर या पट्ट्यात शांतता मिळून कुणी लिहिलंय? कवी नारायण सुर्वे हे गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला सापडलेलं मूल. गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आलं आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. शाळेची घंटा वाजवता वाजवता त्यांनी खिडकीतल्या झाडाची वाट बघितली असती, तर आपण आजही त्यांची वाट बघत असतो. दुसरं टोक बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड, एकापाठोपाठ एक; हजाराच्या वर रहस्यकथा. आणि पोटासाठी चष्म्याचं दुकान! मला ही योजना फार सुंदर वाटते. रात्री कंदिलाच्या उजेडात वाचकाचे डोळे बिघडवायचे आणि सकाळी त्यालाच नंबर काढून द्यायचा. मराठीत लेखनावर घर चालवण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही.

प्रेरणेचं काम आपल्याकडे खरं म्हणजे पंचांगाने केलं. 'मनोरंजन' मासिकाच्या का. र. मित्रांनी १९०९ साली दिवाळी अंक काढला, आणि मराठी लेखकाचं वर्ष कायमचं ठरून गेलं. गणपतीत लिहायचं, दिवाळीत छापून यायचं, आणि शिमग्यापर्यंत मानधनाची वाट बघायची. शिमग्यानंतर मानधनाचा विषय निघाला, तर बोंब मारायचा मोसमही संपलेला असतो.

मी शेवटी छापून आलो तो आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वार्षिक अहवालात. तेही एका कायमवाल्याने खाडा केला म्हणून. दरवर्षी अध्यात्मावर लेख देणारे एक गुरुजी त्या वर्षी गावी अडकले, दोन पानं रिकामी राहिली, आणि चिटणीस रात्री अकराला गॅलरीत येऊन म्हणाला, "ती टॅक्सीवाली दे. पण दोन पानांत बसव." नऊ पानांची कथा मी दोन पानांत बसवली. पटवर्धनांनी पत्र लिहिलं असतं, तर त्यांनीही बहुधा हेच सुचवलं असतं. कथेच्या वर लालबागच्या मिरचीवाल्याची जाहिरात होती, खाली एका हितचिंतकाच्या शुभेच्छा. नायिका मावशीच्या दारात उभी राहते, दार उघडतं, आणि पुढे छापलं होतं, 'पान ३४ वर'. पान ३४ वर मंडपाचा जमाखर्च होता. मावशी काय म्हणाली, ते मंडळाच्या सभासदांना कधीच कळलं नाही. पण विसर्जनापर्यंत अख्खी चाळ मला अडवून विचारत होती, "पुढे काय झालं?" पुढचा भाग लिहिण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तेव्हापासून मी लिहितोय. अध्येमध्ये छापूनही येतं.

आता चाळ राहिली नाही. पुनर्विकास होऊन तिथे टॉवर आला आणि आम्ही तेविसाव्या मजल्यावर गेलो. यादीतली एकूण एक गोष्ट मला मिळाली. मुलगी परदेशी गेल्याने एक खोली रिकामी आहे. टेबल खिडकीशी आहे. बायकोने कुंडीत का होईना, झाड लावलंय. पाणी चोवीस तास असल्याने पहाटे पाचला कुणी उठत नाही, म्हणून शांतता आहे. आणि वर्षभरात त्या टेबलावर मी मेंटेनन्सचे चेक सोडून काहीही लिहिलं नाही. जागा बदलून बघावी म्हणून नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसलो. संस्था १८९८ सालची. एवढ्या लोकांनी एवढं लिहून ठेवलेलं बघितलं, की आपण आणखी भर घालणं हा निव्वळ जागेचा अपव्यय वाटतो. शेजारी शब्दकोडं सोडवणारे गृहस्थ तरी काही विचारतील म्हणून मी वही मुद्दाम उघडी ठेवली. त्यांनी विचारलंही, पण 'चार अक्षरी जलचर'.

परवा लिफ्टमध्ये दुसऱ्या पाळीचे ते काका भेटले. काठी टेकत होते, ऐकायला यंत्र लावलेलं. माझ्याकडे बघत राहिले आणि विसाव्या मजल्याच्या आसपास म्हणाले, "हल्ली दिसत नाही तुझं काही. बरा आहेस ना?" तेविसावा यायच्या आत मी "चाललंय, चाललंय" असं सांगून बसलो. आता सांगितलंय म्हटल्यावर त्याच रात्री टेबलाशी बसावं लागलं. माणूस लिहीत राहतो तो चिकाटी असते म्हणून नव्हे. आपण लिहितो असं चार लोकांना सांगितलेलं असतं, ते परत घ्यायला लाज वाटते म्हणून.

गेल्या आठवड्यात आमच्याच टॉवरमधला एक मुलगा आला. इंजिनीअर आहे, कादंबरी सुरू केलीय, तीन प्रकरणं झाली आणि गाडी अडलीय. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. "काका, मोटिव्हेशन टिकत नाही हो. तुम्ही काय करता?" मी त्याला चहा पाजला, वडिलांचं खाड्याचं वाक्य सांगितलं. त्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. म्हणजे आता ते तो विसरणार. "कुणाला बोलू नका हं," असं सांगून तो गेला.

संध्याकाळी मी खाली उतरलो. वॉचमनला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि त्या मुलाच्याच मजल्यावरच्या, पूर्वी आमच्या चाळीत नळावर पहिला नंबर लावणाऱ्या मावशींना जरा विस्ताराने सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "अगो बाई! छापून कधी येणार?"

आता बघतो, पोरगा कसा थांबतो ते.