एक ठेवून बाकीची वाटायची

कॅलेंडरनं निदान तारीख तरी सांगावी, एवढी माफक अपेक्षा आपण सगळेच बाळगतो. वर्षभर भिंतीवरचा खिळा अडवून बसण्याच्या बदल्यात ते तेवढं करतंही. पण १७६५ साली जपानमधल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, काही सुखवस्तू, रसिक आणि बऱ्यापैकी रिकामटेकड्या मंडळींनी अशी कॅलेंडरं छापून घेतली, की त्यांतलं कॅलेंडर शोधण्यातच पाहुण्याची दुपार सरावी. जपानचं जुनं पंचांग आपल्यासारखंच चंद्रसूर्याचा मेळ घालणारं होतं. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि दोघांचं फारच फाटलं की मध्ये एक अधिक महिना घालून समेट करायचा. महिना कधी तीस दिवसांचा, कधी एकोणतीस दिवसांचा. आणि कोणता मोठा, कोणता लहान, हा क्रम दर वर्षी बदलायचा. देणी महिनाअखेरीस चुकती करायची रीत असल्यामुळे ही मोठ्या-लहान महिन्यांची यादी देणेकऱ्याला आणि घेणेकऱ्याला सारखीच निकडीची. पंचांग छापायचा परवाना मात्र मोजक्या छापणाऱ्यांकडेच असायचा. मग हौशी लोक ती यादी चित्रात लपवू लागले. त्यात थोडी परवान्याची पळवाट होती आणि थोडा बुद्धीचा खेळ.

सुझुकी हारुनोबू या चित्रकाराचं त्याच सालचं एक चित्र आहे. अचानक सर आली आहे, वाळत घातलेले कपडे भिजताहेत आणि एक तरुणी ते काढायला धावत सुटली आहे. घाई इतकी, की एका पायातली खडाव मागेच राहिली आहे. दोरीवर एक किमोनो वाऱ्यानं फुगला आहे, आणि त्याच्या नक्षीकडे निरखून पाहिलं तर तिथं त्या वर्षाचं नाव आणि मोठ्या महिन्यांचे आकडे दिसतात : दोन, तीन, पाच, सहा, आठ, दहा. हे चित्र पाहताना मला नेहमी त्या एदोतल्या कुणा वाण्याची काळजी वाटते. दारात घेणेकरी उभा आहे, महिना आज संपतो की उद्या, यावर वाद पेटला आहे, आणि वाणी भिंगातून एका बाईचं धुणं तपासतो आहे. बिचारीचं त्याच्याकडे लक्षही नाही. तिचा सगळा जीव त्या किमोनोत, आणि त्या किमोनोवर अख्खं वर्ष वाळत घातलेलं.

ही चित्रं विकण्यासाठी नव्हती. हायकाई कविता करणाऱ्यांची मंडळं होती. त्यांत सामुराई होते, व्यापारी होते. नववर्षाला ते आपापली चित्र-कॅलेंडरं छापून घेत आणि भेटीगाठीत एकमेकांना देत. एक माझं घ्या, एक तुमचं द्या. ओकुबो नावाचा एक सामुराई, काव्यातलं नाव क्योसेन, या उद्योगातला पुढारी, आणि त्याच्याशी चुरस करणारं दुसरंही एक मंडळ. चुरस म्हटल्यावर खर्चाकडे कोण पाहतो? आधीच्या छापचित्रांत दोन-तीन रंगांवर भागायचं. आता एकेका रंगासाठी वेगळा लाकडी ठसा, जाड देखणा कागद, आणि रंगावर रंग. गंमत अशी, की यांतल्या कित्येक चित्रांवर सही असायची ती क्योसेनची, म्हणजे कल्पना सुचवणाऱ्याची आणि पैसे देणाऱ्याची. ज्यानं रेखाटलं त्या हारुनोबूचं नाव अनेकदा गायब. काही चित्रांवर मात्र चित्रकाराबरोबर कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचंही नाव आढळतं, आणि ते वाचून आजही कुठल्याही कारागिराला बरं वाटावं. पुढे धंदेवाईक प्रकाशकांनी हे ठसे मिळवले, त्यांतले महिन्यांचे आकडे खरवडून काढले, क्योसेनचं नावही काढलं आणि तीच चित्रं बाजारात आणली. जगभरच्या संग्रहालयांतून ज्या बहुरंगी जपानी छापचित्रांपुढे माणसं आज आवाज खाली आणून उभी राहतात, त्यांची सुरुवात अशी हौशी लोकांच्या देवाणघेवाणीतून झाली. हारुनोबूला त्यानंतर जेमतेम पाच वर्षं मिळाली; १७७० साली तो गेला. त्या पाच वर्षांत त्यानं इतकी चित्रं केली, की त्या वर्षांतले सगळे महिने मोठेच होते की काय, अशी शंका यावी.

त्या पंचांगाचा शेवटही मजेदार झाला. जपाननं इंग्रजी कॅलेंडर घ्यायचं ठरवलं तेव्हा जुन्या बाराव्या महिन्याचे दोन दिवस झाल्यावर तिसरा दिवस थेट १ जानेवारी १८७३ म्हणून जाहीर झाला. जुन्या हिशेबानं पुढच्या वर्षी अधिक महिना येणार होता, म्हणजे सरकारी नोकरांना तेरा पगार. एका फटकाऱ्यात तो तेरावाही वाचला आणि दोन दिवसांत आटोपलेला महिनाही. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारसे आणि चांदीचं ताट देणाऱ्या सासऱ्यांना या युक्तीचा हेवा वाटेल. आता मोठे-लहान महिने लपवायचं कारण उरलं नाही. फेब्रुवारी कुणीही किमोनोत लपवत नाही. देवाणघेवाण मात्र टिकली.

ती टिकायचं कारण बहुधा त्या लाकडातच आहे. रंगवलेलं चित्र एकटं जन्माला येतं आणि एकट्याच्याच घरी जातं. ठशाचं तसं नाही. रानचेरीची फळी घ्यायची, चित्र उलटं चिकटवायचं, रेघ ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकायचं. त्यात आठवडे जातात, मान धरते, बोटं सोलवटतात. एवढं करून एकच प्रत काढणं म्हणजे त्या झाडाचा अपमानच. म्हणून वीस, तीस, पन्नास प्रती निघतात. आता एकाच चित्राच्या तीस प्रती घेऊन माणसानं घरात काय करावं? एक भिंतीवर लागते, एक आईला जाते, एक लग्नाच्या आहेरात खपते. उरलेल्या कपाटात पडून राहतात आणि कपाट उघडलं की सगळ्या मिळून एकाच चेहऱ्यानं बघतात. म्हणून छापचित्रकार एकमेकांना शोधत असतात. तीस जण ठरवतात : कागद अमुक मापाचा, मुदत अमुक तारखेची, प्रत्येकानं माणशी एक अशा प्रती छापायच्या, खाली पेन्सिलीनं क्रमांक आणि सही करायची आणि सगळं बाड एकाकडे पाठवायचं. तो बिचारा जेवणाच्या टेबलावर तीस ढीग मांडतो, प्रत्येक ढिगात प्रत्येकाचं एकेक चित्र ठेवतो, मध्ये पातळ कागद घालतो आणि तीस पाकिटं टपालात टाकतो. तोवर घरची मंडळी ताट मांडीवर घेऊन जेवतात. दर वेळी एक जण मुदत चुकवतो, आणि बाकीचे एकोणतीस जण त्याच्यावर रागावायचं ठरवून त्याची वाट पाहत बसतात. जगातली एवढी शांत सावकारी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तीस दिले, तीस मिळाले. बेरीज होती तिथंच, आणि तरी प्रत्येक जण श्रीमंत.

हे गणित मला परकं वाटत नाही, कारण लहानपणी दिवाळीत आमच्या चाळीत ते दर वर्षी मांडलं जायचं. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट घेऊन आम्ही मुलं या दारातून त्या दारात जायचो. प्रत्येक घरी चकली, प्रत्येक घरी करंजी, प्रत्येक घरी शंकरपाळे. म्हणजे आम्ही चकल्या देऊन चकल्या आणत होतो. शेजारच्या काकूंचा बेसनाचा लाडू असा असायचा, की तो फोडायला वडील खलबत्त्याकडे वळून पाहायचे. आई तो लाडू त्याच आदरानं डब्यात ठेवायची, ज्या आदरानं ती समोरच्या आजींची तोंडात विरघळणारी करंजी ठेवायची. कुणाचं ताट भारी, कुणाचं हलकं, हे चाळीत सर्वांना ठाऊक होतं आणि कुणी म्हणून बोलून दाखवत नव्हतं. छापचित्रांच्या देवाणघेवाणीतही हेच चालतं. चाळीस वर्षं ठसे कोरणाऱ्या हाताचं चित्र आणि पहिल्यांदाच पटाशी धरणाऱ्याचं चित्र एकाच पाकिटातून प्रवास करतात. नवख्याला उस्तादाचं काम मिळतं, उस्तादाला नवख्याचं. यात उस्ताद ठकला असं वाटेल, पण त्याला विचारून पाहा. आपण केव्हातरी किती भीत भीत रेघ कोरत होतो, हे त्याला दुसरं कोण दाखवणार?

या लोकांची चित्र पाहायची तऱ्हाही बघण्यासारखी असते. हाती चित्र आलं की आपण चित्र पाहू; हे ते उलटं करून पाठ पाहतात. कागदाच्या पाठीवर बारेनच्या खुणा असतात. बारेन म्हणजे हाताच्या तळव्याएवढी चकती. बांबूच्या कोंबावरच्या सालीची दोरी वळून, तिचं गोल वेटोळं करून आत बसवायचं आणि वरून पुन्हा त्याच सालीचं आवरण ताणून बांधायचं. ठशावर कुंचल्यानं रंग आणि भाताची खळ लावायची, त्यावर ओलसर कागद ठेवायचा आणि पाठीवरून ही चकती दाबून फिरवायची. रंग कागदात किती मुरला, हात कुठे दमला, कुठे घाई झाली, ते सगळं पाठीवर उमटतं. पुढून चित्र कसंही असो, पाठीवरून माणूस कळतो. ज्योतिषी तळहात पाहतात तसे हे लोक एकमेकांच्या कागदाची पाठ पाहतात आणि भविष्य न सांगता फक्त मान डोलावतात.

आणि मग सुरू होतात ओलाव्याच्या गप्पा. कागद फार ओला असेल तर रेघ फुटते, कोरडा असेल तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि छापता छापता तो सुकला तर आक्रसून पुढच्या रंगाची खाच चुकते. ठशाच्या कोपऱ्यात कागद टेकवायला कोरलेली ही खाच, तिला केंतो म्हणतात, छापणाऱ्याच्या सगळ्या श्रद्धांचं ठिकाण. ती केसभर चुकली की चित्रातल्या बाईचे ओठ तिच्या गालावर जाऊन बसतात. म्हणून कागद किती वेळ भिजवावा, कशात गुंडाळावा, यावर माणसं तासन्‌तास बोलू शकतात. भिजवलेल्या कागदाला बुरशी लागू नये म्हणून तो फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवणारे लोक आहेत, आणि ते ही युक्ती कुणालाही फुकट सांगतात. मुंबईच्या जुलैत कागद भिजवायची गरज काय, तो नुसता गॅलरीत दाखवला तरी पुरे, अशी माझी एक अडाणी सूचना आहे. जुन्या काळी जी विद्या बापानं मुलाला आणि गुरूनं शिष्याला दारं लावून दिली असती, ती आता असं वाटेल त्याला वाटणं मला फार गोड वाटतं. पटाशीला धार कशी लावावी, हे सांगताना माणूस जितका मोकळा होतो, तितका तो स्वतःच्या सुखदुःखाबद्दल सांगताना होत नाही.

या वाटपाची कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. पण गोष्ट जरा आधीपासून सांगायला हवी. पूर्वी जपानी छापचित्रात श्रमविभागणी होती : रेखाटणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसे मिळवणारा प्रकाशक चौथा. १९०४ साली यामामोतो कानाए यानं एका कोळ्याचं चित्र स्वतः रेखाटून, स्वतः कोरून, स्वतःच छापलं, आणि तिथून सगळं आपल्या हातानं करणाऱ्यांची नवी चळवळ सुरू झाली. तिचा आधारवड ओंची कोशिरो. १९३९पासून त्याच्या तोक्योतल्या घरी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी छापचित्रकार जमू लागले. नाव तरी काय ठेवावं? पहिल्या गुरुवारचं मंडळ. कामं दाखवायची, चुका काढायच्या, टंचाईच्या दिवसांत एकमेकांना सांभाळून घ्यायचं. शहरावर युद्धाची सावली दाटलेली असताना, १९४४ साली, या मंडळींनी आपापली चित्रं छापून त्यांचा एक संच एकत्र बांधला. १९५०पर्यंत असे एकूण सहा संच निघाले. अन्नाची मारामार असताना माणसं लाकूड कोरून एकमेकांना चित्रं देत होती, हे वाचल्यावर हसू येतं आणि ते ओठांवरच थांबतं. ओंचीबद्दल मला जिव्हाळा वाटतो तो आणखी एका कारणानं. चित्रकारानं सगळं स्वतः करावं, असं सांगणारा हा माणूस स्वतःच्या चित्रांच्या प्रती फारच थोड्या छापायचा. त्याच्या एका प्रसिद्ध चित्राच्या, हागिवारा साकुतारो या कवीच्या व्यक्तिचित्राच्या, बऱ्याचशा प्रती त्याच्या गुरुवारच्या मित्रानं, सेकिनो जुनइचिरोनं, नंतर छापल्या. तत्त्व एकट्याचं होतं, हात दोघांचे लागले. लाकडालाही बहुधा हेच हवं असतं.

छापचित्राचा भाव बाजारात ठरतो, त्याच्या लिलावाच्या बातम्याही येतात, आणि त्यात गैर काही नाही. पण माझं मत विचाराल तर छापणाऱ्याच्या कपाटात सगळ्या प्रती पडून आहेत तोवर ते चित्र अर्धवटच आहे. शेवटचा रंग ते दुसऱ्याच्या हाती गेल्यावर चढतो. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी लाकूड कोरणारं असेल तर त्यांच्याकडे एक प्रत जरूर मागा. संकोच करू नका, त्यांच्याकडे अजून बऱ्याच असतात. मात्र बदल्यात आपल्या हातानं केलेलं काहीतरी द्या. बेसनाचा लाडूही चालेल. फुटला नाही तरी चालेल.