बंद यंत्राचा चालू खर्च

संसारी मनुष्याच्या द्रव्याला जागेपणी गळती लागावी यात नवल नाही. परंतु ज्या यंत्राला आपण स्वहस्ते बंद केले, ज्याचे झाकण मिटले, ज्याचा चार्जर काढून खुंटीला टांगला आणि ज्याच्याकडून रात्रभर कसल्याही कामाची अपेक्षा ठेवली नाही, त्याने पहाटेपर्यंत आपल्या संचिताचा अष्टमांश फस्त करून टाकावा, आणि वर सकाळी निरागस मुद्रेने कालच्याच कागदपत्रांसह हजर व्हावे, हा अफरातफरीचा प्रकार कोणत्याही सरकारी खजिन्याला लाजवील असा आहे. आमच्या लॅपटॉपने हा क्रम नियमाने आरंभला, तेव्हा रीतसर चौकशी नेमणे प्राप्तच झाले.

अशा प्रसंगी सल्लागारांची उणीव कधीच भासत नाही. "अहो, रात्रभर चार्जरच लावून ठेवा, म्हणजे किती गेलं ते कळणारच नाही," असा तोडगा सौभाग्यवतींनी सुचविला. राज्यकारभारात तूट झाकण्याचा हा मार्ग पूर्वापार प्रचलित असला, तरी तो चौकशीचा मार्ग नव्हे, म्हणून तो आम्ही आदरपूर्वक दप्तरी दाखल केला. तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीकाराने यंत्र न उघडताच "काका, बॅटरीचं वय झालं, नवीन टाकून देतो" असा निकाल सुनावला. आता या लिथियम-आयन बॅटरीच्या जनकांपैकी जॉन गुडइनफ यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते वयाच्या ९७ व्या वर्षी, आणि तेव्हाही ते संशोधनात मग्न होते; अशा कुळात जन्मलेल्या बॅटरीला ऐन तारुण्यात जराजर्जर ठरविणारा हा निवाडा आम्हांस पुराव्यावाचून मान्य होण्याजोगा नव्हता.

पुराव्याची वाट दाखविली ती कोषागारातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी. "आधी शिल्लक मोजा, संशयित मागाहून धरा," ते म्हणाले, "आणि दोघांना एकाच दिवशी निलंबित करू नका, नाहीतर खरा दोषी कोण ते जन्मात कळायचं नाही." त्या आज्ञेनुसार निजण्यापूर्वीची व उठल्यानंतरची टक्केवारी वहीत उतरविण्याचा शिरस्ता सुरू झाला. यंत्राला योग्य तो हुकूम टंकून दिला की ते आपल्या बॅटरीचा अहवाल स्वतःच सादर करते, ही माहिती भाच्याने पुरविली. त्या अहवालानुसार मूळ ५० वॉट-तासांची क्षमता घटून ४३ वर आली होती. एवढी झीज वयोमानाप्रमाणे क्षम्य होती, आणि मुख्य म्हणजे भांडे लहान झाले म्हणून ते गळते असे सिद्ध होत नव्हते. रात्रीची तूट मात्र साधारण पाच वॉट-तास, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत ताशी अर्धा. लिथियमची बॅटरी आपल्या अंगच्या स्वभावाने महिन्याकाठी दोन ते पाच टक्के गमावते. एका रात्रीत बारा टक्के गमावणे हा स्वभाव नव्हे, कोणीतरी आतून घेत असले पाहिजे, असा शेरा शेजाऱ्यांनी वहीवर मारला.

पहिला संशयित भाच्यानेच उभा केला. "मामा, हल्ली शटडाऊन म्हणजे शटडाऊन नसतं," या वाक्याने त्याने आमचा यंत्रयुगावरील उरलासुरला विश्वास खालसा केला. २०१२ साली विंडोज ८ च्या स्वारीबरोबर फास्ट स्टार्टअप नामक जी सोय आली, तिच्या योगाने यंत्र बंद करताना आपण उघडलेले कार्यक्रम मिटतात, परंतु प्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो, जेणेकरून सकाळी तो चटकन वाचून घेता यावा. उलट ‘रिस्टार्ट’ म्हणावे तर मात्र सर्व दप्तर खरोखर मिटून नव्याने मांडले जाते, म्हणजे पूर्ण विश्रांती हवी असल्यास विश्रांती मागू नये, असा हा न्याय. डिस्कवर लिहून ठेवलेल्या मजकुराला रात्रभर वीज लागत नाही हे खरे. तथापि अशा अर्धवट निरोपात एखादा घटक जागा राहण्याचा संभव असतो. आम्ही ती सोय काढून टाकली. सकाळी तूट तितकीच! पहिला संशयित निर्दोष सुटला. मग नेटवर्कवरून हाक येताच यंत्राला उठविणाऱ्या पहारेकऱ्यास निलंबित केले. तोही निष्कलंक ठरला.

अखेर गुन्हेगार सापडला तो यंत्राच्या डाव्या कुशीत, विजेचे इवलेसे चिन्ह मिरविणाऱ्या यूएसबीच्या छिद्रात. यंत्र बंद असतानाही धन्याचा मोबाइल चार्ज व्हावा, या परोपकारी हेतूने कंपनीने तेथे पाच व्होल्टांचे सदावर्त अहोरात्र चालू ठेवले होते, आणि बिनतारी माउसचा नखाएवढा ग्राहक तेथे कायमचा वतनदार होऊन बसला होता. आमचा मोबाइल त्या दारी कधीही याचक म्हणून गेलेला नव्हता. पण अन्नछत्राचा स्वयंपाकी जेवणारे किती हे न पाहता चूल पेटती ठेवतो, तद्वत आतील मंडल त्या एका नखासाठी रात्रभर तापत होते. यंत्र सुरू होताना एफ-२ ची कळ दाबून बायोसच्या अंतःपुरात प्रवेश केला, ती सनद रद्द केली, वतनदारालाही रात्रीपुरते बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीची शिल्लक अबाधित आढळली, आणि शेजाऱ्यांनी वहीवर ‘मेळ बसला’ असे लिहून खाली दुहेरी रेघ ओढली.

वाचकांपैकी कोणाच्या यंत्राला हीच व्याधी जडली असेल, तर त्यांनी रोज एकच बदल करावा व रोज शिल्लक लिहावी. सर्व उपकरणे काढूनही गळती थांबली नाही, तरच बॅटरीवर किंवा मदरबोर्डवर आरोप ठेवावा. यंत्र महिनाभर वापरायचे नसेल, तर ते निम्म्या चार्जवर थंड जागी ठेवावे. आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र चौकशी तत्काळ तहकूब करून, यंत्र चार्जिंगला न लावता, तडक दुरुस्तीचे दुकान गाठावे. बाकी सर्व प्रकरणी अनुक्रम एकच: आधी वही उघडावी, मग बायोस, आणि पाकीट सर्वांच्या शेवटी.