राउट निवडावा कसा, गाडी हाकावी कशी

संगणकावर आगगाडी चालवू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी मराठीत अधिकृत मार्गदर्शन उपलब्ध नाही. ही उणीव भरून काढायला कोणीच पुढे येत नसल्याने ती जबाबदारी आम्ही शिरावर घेत आहोत. या नियमावलीला आधारग्रंथ एकच: नगरमध्ये सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगमधले तळमजल्यावरचे काका.

काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. तारकपूर डेपो, आणि बहुतेक सगळी नोकरी नगर–कल्याण, माळशेजमार्गे. विनाअपघात सेवेचा बिल्ला शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी ठेवलेला आहे. जन्मभर स्टिअरिंग फिरवलेल्या माणसाला स्टिअरिंगच नसलेलं वाहन का चालवावंसं वाटावं, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. काका तेव्हा उतारावर होते, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. मायक्रोसॉफ्टचा २००१ सालचा ट्रेन सिम्युलेटर त्याने कुठूनसा पैदा केला, त्यावर फुकट मिळणारं ‘ओपन रेल्स’ बसवून दिलं आणि परत पुण्याला निघून गेला. पुढचं सगळं निस्तरणं आमच्याकडे आलं.

नियम पहिला. सुरुवातीचा राउट परदेशी घ्यावा. तिथे काही कमीजास्त झालं तरी आपल्या रेल्वेची अब्रू जात नाही.

या जुन्या खेळात सहा राउट येतात आणि सहाही काकांनी डेपो मॅनेजरच्या नजरेने तपासले आहेत. अमेरिकेतला मारायस पास म्हणजे बर्फ, डोंगर आणि संपता न संपणारी मालगाडी. काकांचा शेरा: ‘वस्तीच नाही रे. गाडी काय हरणांसाठी चालवायची?’ इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल, सोबत वाफेचं फ्लाइंग स्कॉट्समन. दृश्य देखणं, पण पाऊस, मेंढ्या आणि दगडी कुंपणं यांपलीकडे काही नाही, आणि अख्ख्या लाईनीवर चहावाला नाही. ऑस्ट्रियातला इन्सब्रुक–सेंट अँटन फार स्वच्छ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची असेला ताशी २४० किलोमीटरपर्यंत जाते, त्यामुळे काका तिला वाहन मानत नाहीत. टोकियो–हाकोने मार्गावर दर दोन मिनिटांनी स्टेशन येतं. तो राउट काकूंना आवडला, कारण काका पटापट थांबतात आणि मधे हाक मारता येते.

काकांचा जीव जडला तो सहाव्यावर. जपानच्या क्युशू बेटावरची हिसात्सु लाईन: डोंगरातला एकेरी मार्ग आणि त्यावरून धावणारी एका डब्याची डिझेल गाडी. ‘एक डबा, एक ड्रायव्हर, डोंगरातली खेडी. अरे, ही तर एसटीच आहे!’ तिथे ओकोबा नावाचं स्टेशन आहे. चढ इतका की रूळ आधी डोंगराला वेटोळं घालतात आणि मग गाडी मागेपुढे करत झिगझॅग चढते. आपल्या भोर घाटातही जुन्या काळी असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, हे सांगितल्यावर काकांच्या मनात जपान्यांबद्दल आपलेपणा निर्माण झाला. जपानच्या खेड्यांत असल्या गाड्यांवर तिकिटाचे पैसेही ड्रायव्हरच घेतो, हे कळल्यावर मात्र तो ओसरला. ‘म्हणजे कंडक्टरच्या पोटावर पाय!’ आणि काकांनी निषेध म्हणून एक रात्र संगणक बंद ठेवला.

नियम दुसरा. मोबाइलवरचे खेळ घेऊ नयेत. एका खेळात स्टेशनांवर नावच लिहायचं विसरले होते, गाडी झाडातून आरपार गेली, आणि सिग्नल लाल असताना मध्येच साबणाची जाहिरात लागली. याहून जास्त लिहिण्याची या विषयाची लायकी नाही.

नियम तिसरा, ब्रेकसंबंधी. हा मात्र नीट वाचावा. इथे विनोदाला जागा नाही, आणि काकांनाही इथेच सर्वात जास्त त्रास झाला. एसटी भरून पंधरा-सोळा टनांची. पाय दाबला की थांबते. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस हजार टनांच्या वर जाते आणि कोळशाने भरलेली मालगाडी पाच हजारांच्या घरात. ताशी शंभरच्या वेगात असलेली गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागतं. तेव्हा प्लॅटफॉर्म दिसल्यावर ब्रेक लावणारा माणूस प्लॅटफॉर्म पाहतो, त्यावर थांबत नाही.

रेल्वेचा ब्रेक उलटा चालतो, हे डोक्यात पक्कं बसवावं. गाडीभर फिरणाऱ्या ब्रेक पाइपमध्ये पाच किलो दाबाची हवा भरलेली असते आणि ती काढली की ब्रेक लागतात. ए-९, म्हणजे अख्ख्या गाडीच्या ब्रेकचा दांडा, थोडा ओढला की दाब अर्धा किलोभर उतरतो. आधी तेवढंच करावं आणि वाट पाहावी. दाब उतरल्याचा परिणाम शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. घाईने आणखी ओढलं की ब्रेक जादा लागतात, मग गडबडीने सोडले जातात, आणि पाइप पुन्हा भरेपर्यंत हाती काहीच उरत नाही. उतारावर हा प्रकार दोन-तीनदा केला तर गाडीची हवा संपते आणि चालकाचीही. एसए-९ हा नुसत्या इंजिनाचा ब्रेक. अख्खी गाडी त्याच्या जोरावर थांबवायला जाणारे पुढे आठवणीपुरते उरतात.

काका आता घरच्या राउटवर (त्याची हकिगत पुढे) विळदच्या पुढचा उतार एका दमात, एकाच ब्रेकवर उतरवतात. स्टेशनात गाडी नेमकी पाटीसमोर उभी राहते आणि मग ते नकळत डाव्या हाताने हँडब्रेक शोधतात.

नियम चौथा. सिग्नल मोठ्याने म्हणावा. खऱ्या इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट दोघेही पुढचा सिग्नल बघून त्याचा रंग एकमेकांना ओरडून सांगतात, म्हणजे एकाची डुलकी दुसऱ्याला कळते. काकांकडे असिस्टंट नसल्याने ही जागा काकूंना विनामुलाखत देण्यात आली. त्या शेजारी बसून वाटाणे सोलतात.

‘डिस्टंट?’

‘दोन पिवळे.’

‘बरोबर. होम?’

‘एक पिवळा. अहो, कुकर लावू का?’

‘लूप लाईनला घेतायत. तीसच्या खाली आणतो. लाव.’

या पद्धतीने गाडी आणि भात दोन्ही वेळेवर होतात, हे आम्ही जेवून खात्री करून सांगत आहोत.

नियम पाचवा. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ दिसलं की शिट्टी वाजवावी. पुढे फाटक आहे. रात्री अकरानंतर हीच शिट्टी हेडफोन लावून वाजवावी. वरच्या मजल्यावर लहान मूल आहे.

नियम सहावा. हात दाखवला म्हणून थांबू नये. घरच्या राउटवर सारोळ्याजवळ खेळातला एक माणूस रुळाकडेला उभा असतो. तो नातवाने शोभेला ठेवलेला आहे, त्याला कुठेही जायचं नाही. तरी काकांचा वेग तिथे दरवेळी कमी होतो.

आता मुख्य प्रकरण. परदेश फिरून झाला की माणसाला घर आठवतं, आणि घरचा राउट म्हणजे दौंड–मनमाड. तो सुरू झाला १८७८ साली आणि नगर जिल्ह्याच्या एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. काका आणि नातू मिळून तो राउट एडिटरमध्ये रचत आहेत: उंचीची माहिती उपग्रहाची, रुळांची रेघ नकाशावरून, आणि स्टेशनांच्या इमारती काकांच्या आठवणीवरून. यातली पहिली दोन साधनं बिनचूक आहेत.

या राउटवर कर्नाटक, गोवा, झेलम, आझाद हिंद, महाराष्ट्र एक्स्प्रेस सगळ्या धावतात, पण नवशिक्याने एकही घेऊ नये. पॅसेंजर घ्यावी. कारण इथे गाडी चालवण्यापेक्षा गाडी थांबवून ठेवण्याचं कसब लागतं. एकेरी मार्ग, समोरून येणारी गाडी, तुम्ही लूपमध्ये. विसापूरला उभे राहा. रांजणगाव रोडला उभे राहा. (हे रांजणगाव महागणपतीचं नव्हे, ते पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. इथे उतरून देवळाचा रस्ता विचारू नये.) अकोळनेरला पुन्हा उभे राहा. खेळात वेळ भरभर पुढे सरकवण्याचं बटण असतं. क्रॉसिंगच्या वेळी ते दाबणाऱ्याला आम्ही चालक मानत नाही. नगरच्या माणसाने आयुष्यातला बराच काळ क्रॉसिंगमध्ये काढलेला आहे. तो काळ कोणी बटण दाबून पळवला नव्हता. काका या वेळात पेपर वाचतात, दाढी करतात, एकदा गिरणीतून दळण आणलं. परत आले तेव्हा स्टार्टर पडलेला होता आणि काकू म्हणाल्या, ‘हिरवा आहे, पण मी काही हात लावला नाही.’

दौंडचं वेगळं. पुण्याहून नगरकडे येणाऱ्या गाड्यांना तिथे दिशा बदलावी लागे. इंजिन सोडायचं, बाजूच्या लाईनीवरून फिरवून दुसऱ्या टोकाला आणायचं, ताशी दोन-तीन किलोमीटरने हळूच भिडवायचं, कपलिंग जोडायचं, पाइप जोडून हवा भरायची, ब्रेक तपासायचे आणि मग निघायचं. आता दौंड कॉर्ड लाईनचं स्टेशन झाल्याने बऱ्याच गाड्या परस्पर वळतात. काकांनी आपल्या राउटमध्ये कॉर्ड लाईन घातलेली नाही. ‘इंजिन बदलताना पॅसेंजर खाली उतरून पाय मोकळे करतात, वडापाव खातात. त्यांचं काय?’ पॅसेंजर म्हणजे चौकोनी चेहऱ्याच्या बाहुल्या आहेत, हे सांगण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

नियम सातवा, पाट्यांविषयी. श्रीरामपूरला उतरणारे स्टेशनच्या पाटीवर ‘बेलापूर’ वाचून पिढ्यान्‌पिढ्या घाबरले आहेत. बेलापूर गाव तिथून काही किलोमीटरवर. राउट बनवणाऱ्याने इथे शहाणपणा करून श्रीरामपूर लिहू नये. पुणतांब्याला फाटा दाखवावा, तिथून २००९ पासून शिर्डीची लाईन जाते. राहुरीला ऊस दाखवावा, कोपरगावला आणखी ऊस. पुढे येवला, आणि अनकाईच्या जोडकिल्ल्याला वळसा घालून मनमाड. हा शेवटचा तुकडा नाशिक जिल्ह्यात असला तरी अख्ख्या राउटमधला सगळ्यात देखणा आहे, हे नगरकर म्हणून नाइलाजाने मान्य करतो.

नियम आठवा. घाट शेवटी घ्यावा. भोर घाटाची चढण १८६३ पासून तितकीच उभी आहे, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट, आणि आजही वर चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. यावरून आम्ही काकांच्या खऱ्या दुखण्याकडे वळतो.

ते दुखणं म्हणजे कल्याण–नगर रेल्वे, माळशेजमार्गे. तिची मागणी काकांच्या वडिलांच्या काळापासून ऐकू येते, सर्वेक्षणं होतात, निवडणुकीत भाषणं होतात. नगर–बीड–परळीचंही असंच चाललं होतं. ती गाडी आष्टीपर्यंत पोहोचायला २०२२ उजाडलं आणि बीडला पोहोचायला २०२५, पण पोहोचली. माळशेजची नाही. म्हणून काकांनी ठरवलं की आपणच टाकू. आळेफाटा, ओतूर, घाट, मुरबाड, कल्याण. रस्ता तोंडपाठ होताच, त्याच्याच कडेने रूळ टाकत गेले, आणि घाटात गाडी पहिल्याच हेअरपिन वळणावर उलटली.

इथे नातवाने फोनवर हिशेब समजावला. रेल्वेला असली वळणं जमत नाहीत आणि ३७ ला एक यापेक्षा उभा चढ आपल्याकडच्या मोठ्या लाईनीला सहसा देत नाहीत. घाटमाथ्यापासून कोकणातल्या पायथ्यापर्यंत साडेपाचशे मीटर उतरायचे म्हटले, तर ५५० गुणिले ३७, म्हणजे वीस किलोमीटरहून जास्त रूळ नुसते उतरण्यासाठी लागतात, आणि त्यातला बराच भाग बोगदे आणि पूल. काका गप्प बसले. मग म्हणाले, ‘मी हे तीस मिनिटांत उतरवायचो. साठ माणसं, टपावर भाजीच्या पाट्या, आणि धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नसे.’

नियम अमुक वगैरे काही नाही, पण त्या दिवसापासून काका रोज थोडे बोगदे खणतात. काम कुठवर आलं विचारलं की सरकारी उत्तर देतात: सर्वेक्षण सुरू आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती, आणि ही गमतीने केलेली नाही. दौंड–मनमाड मार्गाचं दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने होत आलं आहे, वरून विजेच्या तारा गेल्या आहेत, डिझेल इंजिनं हटली आहेत आणि नगरच्या स्टेशनवर आता अहिल्यानगर अशी पाटी आहे. एकेरी मार्गाची स्टेशनं, जुन्या केबिनी, क्रॉसिंगला थांबलेल्या गाड्या, जुन्या पाट्या यांचे फोटो कोणाच्या अल्बममध्ये असतील, कोणी रेल्वेत नोकरीला असेल, तर त्यांनी ते स्कॅन करून राउट बनवणाऱ्या हौशी पोरांपर्यंत पोहोचवावेत. काकांना तूर्त हवाय तो विसापूर स्टेशनचा, मागच्या बाजूने काढलेला. तिथे कडुलिंब होता की चिंच, यावरून काका-काकूंमध्ये एकमत होत नाही आणि काम अडलं आहे.