गुणवत्तेचे कागद, २५६ केबीच्या आत

बारावीला चांगले गुण पडले की मराठी घरात पेढे वाटतात. गल्लीत फ्लेक्सही लागतो आणि त्यावर गुणवंतापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो. हे कौतुक आठवड्याभरात ओसरते. पुढे कॉलेज सुरू होते आणि एक दिवस नोटीस बोर्डावर, हरवलेल्या छत्रीच्या सूचनेशेजारी, एक कागद डकवलेला दिसतो : गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी पात्र विद्यार्थ्यांनी ऑनलाइन अर्ज भरावेत. तो कागद वाचून हुरळतो तो वर्गातला हुशार विद्यार्थी. अर्ज शेवटापर्यंत नेतो तो चिवट विद्यार्थी. हे दोघे एकच निघाले, तरच सरकारचा पैसा योग्य खात्यात पडतो.

केंद्र सरकारची कॉलेज आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्तीच घ्या. देशभरात वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. पदवीच्या वर्षांना १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,०००. अट अशी की बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असले पाहिजे. इथेच निम्मी गर्दी गळते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के असे समजून ७८ टक्केवाला ‘आपलं काही होत नाही’ म्हणत कँटीनला निघून जातो. खरे तर त्या वर्षीचा बोर्डाचा निकाल कसा लागला, यावर सगळे अवलंबून असते आणि तो खुशाल पात्र असू शकतो. नूतनीकरणाची अट त्याहून मजेशीर : वार्षिक परीक्षेत ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. आत शिरायला शंभरात ऐंशीजणांना मागे टाका, टिकायला निम्मे गुण पुरे. पहिल्या वर्षाची हवा लागल्यावर हुशार मुलांचे काय होते, याचा मंत्रालयाला चांगलाच अंदाज दिसतो.

या योजनेला मुलगा हुशार हवा आणि घर बेताचे. हुशारी सिद्ध करायला एक गुणपत्रिका पुरते. परिस्थिती सिद्ध करायची तर उत्पन्नाचा दाखला हवा, दाखल्यासाठी रेशनकार्ड, तलाठ्याचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र हवे. केंद्राच्या योजनेची उत्पन्नमर्यादा साडेचार लाखांची. राज्याच्या एकलव्य योजनेत ती ७५,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ६,२५०. एवढ्या पैशांत घर चालवून पोराला पदवीला विज्ञान शाखेत ७० टक्क्यांपर्यंत नेणाऱ्या आईबापांना खरे तर अर्थशास्त्राची शिष्यवृत्ती द्यायला हवी.

दाखले गोळा झाले की मोर्चा सायबर कॅफेकडे वळतो. हल्ली सगळे मोबाइलवर होते म्हणतात, पण फॉर्मच्या तिसऱ्या पानावर मोबाइल गरम होतो आणि त्यामागोमाग डोकेही. कॅफेवाल्या दादाला मात्र सगळे तोंडपाठ. तो विचारतो, ‘‘ताई, आधारला नंबर कुणाचा आहे?’’ नंबर अर्थातच बाबांचा. बाबा रानात. फोन लागतो.

‘‘बाबा, मेसेज आला असेल, त्यातला सहा आकडी नंबर सांगा.’’

‘‘आलाय. पण हा कुणालाही सांगू नका असं लिहिलंय इथं.’’

‘‘बाबा, मी तुमची मुलगी बोलतेय.’’

‘‘ते खरं गं. पण मुलगी सोडून, असं काही लिहिलेलं नाही.’’

एवढ्यात ओटीपीची मुदत संपते. दादा शांतपणे ‘रिसेंड’ दाबतो. बँकांच्या जागरूकता मोहिमेचे यश पाहायचे असेल, तर शिष्यवृत्तीच्या दिवसांत कुठल्याही तालुक्याच्या कॅफेत तासभर बसावे.

त्यानंतर येते नावाची परीक्षा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. आधारवर ते शेवटी. पासबुकात वडिलांच्या नावाचे एकच अक्षर उरलेले. एका मुलीच्या अशा तीन मुली होतात आणि संगणकाला तिघींचीही ओळख पटत नाही. मग येते फाइलच्या वजनाची अट : राज्याच्या योजनांचे अर्ज घेणाऱ्या महाडीबीटी पोर्टलवर कागद २५६ केबीच्या आत बसला पाहिजे. गुणपत्रिका दाबत दाबत ९१ आहेत की ९७ हे कळेनासे झाले, की ती सुखरूप अपलोड होते. पुढे छाननीत शेरा पडतो : कागद अस्पष्ट.

एकाच माणसाने दोनदा लाभ घेऊ नये, ही सगळ्या खटाटोपामागची तळमळ मात्र जुनी आहे. पेशवे श्रावणात पुण्याला विद्वानांना दक्षिणा वाटत. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात जमलेल्या ब्राह्मणांना कोंडून घेत आणि बाहेर पडताना दारात पैसे हातावर ठेवत, म्हणजे तोच गृहस्थ फिरून रांगेत नको. आधारचे काम तेव्हा एक भिंत करत असे, आणि तिला सर्व्हर डाऊनची बाधा नव्हती. पुढे इंग्रजांनी या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली. १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी हा पैसा मराठी ग्रंथांकडे वळवावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यातली सनातनी मंडळी खवळली. अर्जाने डोकी तापतात, हेही जुनेच. याच निधीतून फेलोशिप निघाल्या. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. महाडीबीटीच्या यादीत दक्षिणा अधिछात्रवृत्ती दिसली, तर ती या घराण्यातली आहे हे ओळखावे.

गुणांवरच पदरात पडणाऱ्या शिष्यवृत्तीची कथा वेगळी. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी नाना शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. पुढे १९४३ मध्ये हेच गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

आजचा गुणवंत बँकेपर्यंत पोचतो, पण फार तर काउंटरपर्यंत. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या डेस्कला. ‘कुठपर्यंत आलंय?’ या प्रश्नाला ‘प्रिन्सिपलच्या लॉगिनला आहे’ असे उत्तर मिळते. प्रिन्सिपल सेमिनारला गेलेले असतात. सगळ्यात भीतीचा शब्द म्हणजे ‘सेंड बॅक’. अर्ज परत आल्याचे विद्यार्थ्याला बहुधा मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी कळते. मंजुरीनंतरही महाडीबीटीवर रक्कम ‘रिडीम’ करावी लागते, आणि ती जाते आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात. हे खाते कुठले, ते पुष्कळदा कुणालाच आठवत नाही. आठवले, की त्यातून मिनिमम बॅलन्सचा दंडही कापला गेलेला असतो. गुणवत्तेचा पहिला वाटा असा बँकेला पोचतो.

तरीही पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी अर्ज भरावा, कारण १२,००० रुपयांत वर्षभराचा एसटीचा पास, पुस्तके आणि परीक्षा फी यांचा बराच भार उतरतो. उत्पन्नाचा दाखला निकाल लागताच काढून ठेवा, बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडले आहे ते विचारा, आणि आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्ज परत तर आला नाही ना ते पाहा. बाबांना ओटीपीचे आदल्या रात्री सांगून ठेवा. केंद्राच्या योजनेत नवा अर्ज पदवीच्या पहिल्याच वर्षी घेतात. दुसऱ्या वर्षी कितीही गुण आणले तरी घेत नाहीत.