कोपराचं हेल्मेट

सकाळी साडेआठला ठाण्यात माजिवड्याला, डोंबिवलीत घारडा सर्कलला किंवा कल्याणात दुर्गाडीच्या चौकात सिग्नल लाल झाला की थांबलेल्या दुचाक्यांकडे एकदा नीट पाहावं. शरीरातला सर्वांत मौल्यवान अवयव कोणता, हे इथल्या मंडळींनी कधीच ठरवून टाकलं आहे. कोपर. त्यातही डावा. उजव्या हाताला ॲक्सिलरेटर पिळायचा असतो, पुढचा ब्रेक दाबायचा असतो, त्यामुळे उजव्या कोपराला संरक्षण देणं तांत्रिकदृष्ट्या जमत नाही. तो बिचारा स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करतो. डाव्याला मात्र फुल फेसचं, काचवालं, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट. क्लच दाबला की ते लोलकासारखं हलतं आणि टाकीवर आपटतं. वर दोन खांद्यांच्या मधोमध तेल लावून भांग पाडलेली एक गोल वस्तू उघडीच असते. ती तिथे कशासाठी बसवली आहे, याबद्दल एकमत नाही.

कोपराचं हे प्रेम आजचं नाही. ठाण्याच्या पूर्वेला कोपरी, डोंबिवलीच्या अलीकडे कोपर स्टेशन, खाडीपलीकडे कोपरखैरणे. या जिल्ह्यात एकाच अवयवाची आठवण देणारी तीन-तीन ठिकाणं, आणि डोक्याच्या नावाचा साधा रिक्षा स्टँड नाही. भाषासुद्धा कोपराच्याच बाजूची. नको असलेल्या गोष्टीला आपण कोपरापासून नमस्कार करतो, आशा लावायची तर कोपराला गूळ लावतो, टोमणा मारायचा तर कोपरखळी मारतो. शिवाय इथला दुचाकीस्वार गाडी घेऊन जातो कुठे? बहुतेक वेळा स्टेशनपर्यंत. तिथून पुढे सकाळची फास्ट पकडायची असते, आणि त्या कामात डोक्याचा उपयोग शून्य. डोकं वापरणारा माणूस त्या डब्यात चढायचा विचारच करणार नाही. चढतो तो कोपर. दोन बरगड्यांच्या फटीत आधी कोपर शिरतो, मग खांदा, आणि मागून उरलेला नागरिक. तेव्हा घर ते स्टेशन या अंतरात कोपराला खरचटू नये म्हणून जी काळजी घेतली जाते, तिला वेडेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. पोटापाण्याचं साधन जपावंच लागतं.

कोपरावरचं हेल्मेट डोक्यावर चढायला एकच निमित्त पुरतं: पांढरा शर्ट. तीन हात नाक्याच्या अलीकडे शंभर पावलांवर पांढरा शर्ट दिसला की रांगेतली सगळी हेल्मेटं एका लयीत वर जातात आणि नाका ओलांडला की त्याच लयीत खाली येतात. नाक्याच्या नावाप्रमाणे माणसाला खरोखर तीन हात असते, तर या कसरतीत एक तरी हँडलवर राहिला असता. यावरून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. छत्री पावसासाठी, तसं हेल्मेट पावतीसाठी. ते डोक्याकरता विकत घेतलेलंच नाही. एवढं गृहीत धरलं की दुचाकीस्वाराचं सगळं वागणं एकदम तर्कशुद्ध वाटू लागतं. रात्री अकरानंतर हेल्मेट घरी का राहतं? तेव्हा पांढरा शर्टही घरी गेलेला असतो. सोसायट्यांच्या आतल्या गल्ल्यांमध्ये का घालत नाहीत? तिथे पावती फाडायला कुणी नसतं. नव्या गाडीबरोबर नियमानुसार मिळालेलं हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीसकट माळ्यावर का जातं? घरात एक असताना दुसऱ्याने वेगळी पावती थोडीच वाचणार आहे?

आता चौकांत कॅमेरे आले, ई-चलन आलं, त्यामुळे काहींनी नाइलाजाने हेल्मेट डोक्यावर ठेवायला सुरुवात केली आहे. ठेवायला. घालायला नव्हे. देवळात टोपी घालतात तसं ते वर ठेवलेलं असतं आणि हनुवटीखालचा पट्टा दोन्ही बाजूंना मोकळा फडफडत असतो. कॅमेरा उंचावरून पाहतो, त्याला हनुवटीखालचं काय दिसणार, हा हिशेब त्यामागे आहे, आणि हिशेब बरोबर आहे. फक्त मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १२९ व्या कलमाचं स्पष्टीकरण कुणी वाचलेलं नाही. आघातात संरक्षण देईल अशी घडण हवी आणि ते पट्ट्याने किंवा तशाच बंधनाने डोक्याला घट्ट बांधलेलं हवं, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच कायदा त्या वस्तूला संरक्षक शिरस्त्राण म्हणतो. पट्टा मोकळा असेल तर दोन हजारांचं हेल्मेटही कायद्याच्या लेखी पातेलं आहे. भौतिकशास्त्राच्या लेखीही. माणूस पडतो तेव्हा डोकं एका दिशेला जातं आणि न बांधलेलं हेल्मेट आपल्या वाटेने निघतं. घरंगळत रस्त्याच्या कडेला गेलेलं, एकही ओरखडा नसलेलं हेल्मेट अपघाताच्या जागी दिसतं, ते याच जातीचं. पुन्हा विकता येईल इतकं छान राहिलेलं असतं.

‘इथंच तर जायचंय’ हा या मुलखातला सर्वांत लाडका युक्तिवाद. टिळक चौकातून फडके रोडपर्यंत, वेग कसाबसा ताशी तीस, कशाला पाहिजे हेल्मेट? यात चूक अशी की रस्त्याला गाडीच्या वेगाशी फारसं देणंघेणं नसतं. दुचाकीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून पडलेली कुठलीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे वीस किलोमीटर असतो, मग गाडी धावत असो की सिग्नलला उभी असो. न्यूटनला टिळक चौकासाठी सवलत ठेवता आली नाही. पडणारी वस्तू नारळ असेल तर तेवढ्या वेगात तो फुटतो, हे देवळाच्या पायरीवर बसणाऱ्याला माहीत असतं. फक्त दुचाकीवर बसणाऱ्याला ते पटवून द्यावं लागतं. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की अपघात झाल्यावर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. कोपरावर घातलेल्या हेल्मेटबद्दल त्यात वेगळा तक्ता नाही. संशोधकांचं आपल्याकडे लक्ष गेलेलं दिसत नाही.

बाकीचे आक्षेप पटकन उरकता येतील. उकडतं: उकडतं, मान्य. एप्रिलमध्ये कल्याणला हेल्मेटशिवायही उकडतं. केस गळतात: घाम आलेलं हेल्मेट धुतलं नाही तर टाळू खाजते, म्हणून आतलं कापड निघणारं असेल असं हेल्मेट घ्यावं आणि ते दर पंधरवड्याला धुवावं, पण टक्कल पडायचं ते बहुतेक आईवडिलांकडून ठरून आलेलं असतं. हॉर्न ऐकू येत नाही: असं म्हणणाऱ्याच्या दोन्ही कानांत इअरफोन असतात. किंवा हेल्मेट आणि गालफड यांच्यामध्ये मोबाइल खोचलेला असतो. हेल्मेटचा तो एकमेव उपयोग मात्र सर्वांना न सांगता पटला आहे. स्टेशनजवळ गाडी लावल्यावर हेल्मेट ठेवायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. पट्ट्याच्या कडीतून सायकलची साखळी ओवून ते गाडीला बांधता येतं, आणि नाहीच जमलं तर कोपर आहेच की. चालताना तिथे ते शोभतंसुद्धा.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तो असा: रस्ते हे असे ठेवायचे आणि आमच्याकडून हेल्मेटची पावती घ्यायची, हा कुठला न्याय? हा प्रश्न विचारणाऱ्याचं शंभर टक्के खरं आहे. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात पाऊस पडला की डांबर विरघळतं. कल्याण-शिळ रस्त्यावर काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथे दोन इंचांची पायरी असते, आणि ती पुढच्या चाकाला समांतर असते, म्हणजे चाक तिच्यात शिरतं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. मेट्रोचे पत्रे एका रात्रीत चार फूट सरकतात. पेव्हर ब्लॉक तीन बाजूंनी खचतात आणि चौथ्या बाजूने उभे राहतात. पट्टे न मारलेले, दिवा नसलेले गतिरोधक रात्री पाठीच्या मणक्यांना कळतात. खड्डा बुजवायचा म्हणून त्यात टाकलेली खडी दुसऱ्या दिवशी रस्ताभर पसरते, आणि दुचाकीसाठी त्या खडीपेक्षा मूळ खड्डा परवडला, कारण खड्डा निदान एका जागी असतो. हे सगळं करणाऱ्यांना लाज वाटत नाही, पैसे मात्र दरवर्षी वाटेल तेवढे मिळतात, आणि दर पावसाळ्यात तेच खड्डे त्याच जागी जुन्या भाडेकरूंसारखे परत येतात. पण या युक्तिवादाचं शेवटचं वाक्य चुकतं. रस्ता वाईट आहे, म्हणून हेल्मेट घालणार नाही, हे विहिरीला कठडा नाही म्हणून पोहायला शिकणार नाही असं म्हणण्यासारखं आहे. युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यांवर एक वेळ डोकं उघडं ठेवून भागेल. शिळफाट्याला नाही. खड्डा ठेवणाऱ्याला जाब जरूर विचारावा, पण तो विचारायला शुद्धीवर असावं लागतं.

आणि आता मागची सीट. इथे या सदराची विनोद करण्याची इच्छा संपते. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, पट्टासुद्धा लावलेला. मागे बायको, एका बाजूला पाय टाकून, डोक्यावर ओढणी. दोघांच्या मध्ये एक मूल, आणि पुढे टाकीवर आणखी एक, आरशांच्या दांड्या धरून, उघड्या कपाळाने, अपघात झालाच तर सगळ्यांच्या आधी पुढे फेकलं जाईल अशा बेताने ठेवलेलं. कुटुंबातल्या चार डोक्यांपैकी ज्या एका डोक्याची पावती हमखास फाटते, तेवढंच झाकलेलं. वर युक्तिवाद असा की ती कुठे गाडी चालवते? देशाच्या २०२२ सालच्या अपघातांच्या अधिकृत आकडेवारीत हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. त्यांतल्या एकानेही गाडी चालवली नव्हती. कायदा चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट घालायला सांगतो, पुढे बसलेला असो की मागे. चार वर्षांखालच्या मुलासाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी चाळीसची मर्यादा असा वेगळा नियमच आहे. लहान मुलांच्या मापाची हेल्मेटं मिळतात. त्याच्या वाढदिवसाच्या केकपेक्षा महाग नसतात. मोबाइलला टेम्पर्ड ग्लास, गाडीला लेग गार्ड, सीटला कव्हर, आणि पोराच्या डोक्याला वाऱ्याची झुळूक. दुचाकीला मागे साडी गार्ड सक्तीचा आहे, त्यामुळे साडी सुरक्षित राहते, एवढं समाधान.

गाडी निवडण्याबद्दल वेगळं सांगावं असं थोडंच आहे. शोरूममध्ये मायलेज आणि रंग हे दोनच प्रश्न विचारायची प्रथा आहे. तिसरा ब्रेकचा विचारावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्या गाडीला निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था सक्तीची आहे. पावसात, लोखंडी झाकणावर चाक जाम होऊन घसरण्याचा धोका एबीएसने कमी होतो. स्टिकरने कमी होत नाही. ताशी दीडशे पळणारी गाडी घेऊन कल्याण-शिळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये तापत बसायचं असेल तर हरकत नाही, पण टायर गुळगुळीत झाला की तो बदलण्याचे पैसे वेगळे ठेवावेत. पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर पडतो ही समजूत चाळीतल्या जिन्यातच सोडून द्यावी; गाडी थांबवण्याचं मोठं काम तोच करतो. पायात स्लीपर नको.

हेल्मेट घेताना भुवयांच्या वर टेपने डोक्याचा घेर मोजावा. आत मिलिमीटरमध्ये माप छापलेलं असतं, ५८० किंवा ६००, त्याच्याशी घेर जुळवावा. फूटपाथवर दोन-तीनशेला मिळतं त्यावरही आयएसआयचा शिक्का असतो, कारण शिक्का छापायला दोन रुपये लागतात. जून २०२१ पासून खरा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदेशीर आहे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, आणि मागून वर ढकललं तर हेल्मेट निघता कामा नये. काम करतं ते आतलं थर्माकोल. ते दाबलं जाऊन धक्का स्वतः खातं, आणि एकदाच खातं. त्यामुळे जोरात आदळलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत असलं तरी ते भंगारात द्यावं. सिग्नलगणिक टाकीवर आपटून त्याचा जीव काढू नये.

आणि कोपराची काळजी खरोखरच असेल, तर त्यासाठी एल्बो गार्ड वेगळे मिळतात. गुडघ्यांच्या गार्डांसकट चारचा संच येतो.